फुगा आला, तडा गेला, आता पैठणीच्या ताटलीचं काय करू?

प्रश्न : ताई, आईच्या पंचाहत्तरीसाठी तिच्या पैठणीच्या रंगात फ्यूज्ड ग्लासची (भट्टीत तापवून एकजीव केलेल्या काचेची) चौकोनी ताटली करायला घेतली होती. २५ सेंटिमीटरची, खाली ३ मिलिमीटरची पारदर्शक काच, वर तेवढीच मोरपंखी आणि त्यावर जरीसारख्या पिवळ्या काचेच्या बारीक काड्या. सगळी काच एकाच कंपनीची, ९० सीओईची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा). भट्टी उघडली तर मधोमध दहाच्या नाण्याएवढा फुगा, कडेपासून आत वाकडा तडा, आणि प्रत्येक काडीच्या बाजूनं तपकिरी रेघ उमटलीय. कार्यक्रमाला महिना आहे. पुन्हा भट्टीत घालून नीट होईल का, की टाकून देऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नका, अजिबात टाकू नका. पण आहे तशी परत भट्टीतही घालू नका. तडा सांधला जाईल पण पारदर्शक काचेत त्याचा वण दिसत राहतो, आणि फुगा फुटून तिथे खड्डा पडेल. तीच ताटली परत मिळवायचा नाद सोडा आणि या काचेतून दुसरं काय होतं ते बघू.

आधी तडा बघायचा. तड्याच्या कडेवरून बोट नका फिरवू, भिंग घेऊन बघा. कडा गोलसर झाल्या असतील तर काच तापताना तडकली आणि नंतर कडा वितळल्या. कडा धारदार असतील तर थंड होताना तडकली, म्हणजे अॅनीलिंग (ताण जावा म्हणून काच हळूहळू थंड करणं) कमी पडलं किंवा झाकण लवकर उघडलं गेलं. आणि तडा जर बरोबर दोन रंगांच्या हद्दीवरून पळत असेल तर मात्र थांबा, तिथे दोन काचांचं आपसात जमत नाहीये, अशी काच कितीदाही भाजली तरी पुन्हा तडकणार, ती कशातच वापरू नका. तुमचा तडा कडेपासून वाकडा गेलाय आणि काच एकाच सीओईची आहे, त्यामुळे मला ही थंड होतानाचीच गडबड वाटते. काच चांगली आहे.

तपकिरी रेघेचं वाईट वाटून घेऊ नका. मोरपंखी काचेत तांबं असतं, बऱ्याच पिवळ्या-केशरी काचांत गंधक किंवा सेलेनियम असतं, आणि गरम असताना दोघं एकमेकांना चिकटले की मधे गडद रेघ उठते. माझ्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी दोन दिवस भट्टी खराब झाली समजून बसले होते, आता मुद्दाम ते रंग शेजारी ठेवते. जरीच्या बुट्टीला काठ असावा तशी ती रेघ दिसते.

तर करायचं काय, ताटलीच्या पट्ट्या कापायच्या आणि कडेवर उभ्या करून परत फ्यूज करायच्या. गॉगल घालून, जाड कापडाखाली फुगा आधी हलकेच ठोकून फोडा, त्याची वरची काच कागदासारखी पातळ असते आणि कटर लावताना अचानक फुटते. मग काड्यांना आडव्या, १० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. ६ मिलिमीटरची काच हाताच्या कटरनं सरळ तोडायला कठीण जाते, ओळखीच्या कोणाकडे पाण्यावर चालणारी डायमंड करवत असेल तर तिथेच जा.

एक पट्टी उचलून तिची कापलेली बाजू बघा. अर्धी मोरपंखी, अर्धी पारदर्शक आणि मोरपंखीच्या कडेला काडीचा पिवळा ठिपका, त्याला तपकिरी किनार. आता एक पट्टी सरळ, दुसरी उलटी अशी लावत गेलात तर मोरपंखी मोरपंखीला भिडतो, ठिपक्यासमोर ठिपका येतो आणि पट्ट्याच्या मधोमध बुट्ट्यांची ओळ तयार होते, शेजारी तेवढाच पारदर्शक पट्टा. हे डिझाइन वरून बघताना सुचलंच नसतं.

फुगा आणि तड्यापायी चारपाच पट्ट्या जातील. वीसेक पट्ट्या उरल्या तर २५ बाय १२ सेंटिमीटरचा तुकडा होतो, म्हणजे ताटली नाही, खिडकीत लावायचं पॅनल.

बहुतेक जण गडबड करतात ती इथे. ताटलीच्या मागे किल्न वॉशचा (काच भट्टीच्या फळीला चिकटू नये म्हणून फळीला लावतात त्या लेपाचा) पांढरा थर चिकटलेला असतो, एरवी तो मागेच राहतो म्हणून चालतं, पण आता ती बाजू आत जाणार आणि दोन पारदर्शक पट्ट्यांच्या मधे पांढरी मळकट रेघ कायमची बसणार. म्हणून कापायच्या आधी मागची बाजू डायमंड पॅडनं पाण्यात घासा. कोरडी घासायची नाही, ती धूळ फुप्फुसात जाते. नंतर प्रत्येक पट्टी धुऊन पुसून कोरडी करा, बोटाचा ठसासुद्धा नको.

भट्टीत पट्ट्या घट्ट लावून चारी बाजूंनी भट्टीच्या शेल्फच्या (फळीच्या) तुकड्यांचा बांध घाला नाहीतर काच पसरेल. बांधाला आतून फायबर पेपर (उष्णता सोसणारा, काच न चिकटणारा कागद), पण त्याची उंची काचेपेक्षा ३ मिलिमीटर कमी ठेवा म्हणजे कडेला काटे येत नाहीत. ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तासाला १०० ते १५० च्या वेगानं, ६५० च्या आसपास अर्धा तास थांबा म्हणजे हवा निघून जाते (पहिल्या वेळी हेच राहिलं असावं), मग ८०५ ला १०-१५ मिनिटं. उतरताना ४८२ ला दोन तास आणि तिथून ४२७ पर्यंत तासाला फक्त ५५ अंश. पट्ट्या उभ्या असल्यानं काच आता ६ ऐवजी १० मिलिमीटर, म्हणजे जवळपास दुप्पट जाड आहे, तिला जुना प्रोग्रॅम पुरणार नाही. आणि पंचाहत्तरी कितीही जवळ आली तरी भट्टी हाताला गार लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

फुग्याजवळचे तुकडे बरणीत ठेवा, झाकणावर ९० लिहून, त्याची पुढे फ्रिट (काचेचा चुरा) करता येईल. आणि हातात दोन पट्ट्या जादा असतील तर आधी त्यांचाच छोटा तुकडा भाजून बघा, आठवडाभरात तेवढं जमतं.