ठेकेदार देतोय ते पैसे घेण्याआधी हे वाच

मित्रा,

तुझा मेसेज रात्री वाचला. भोसरीत तुझ्या रूम पार्टनरची तर्जनीची दोन पेरं पॉवर प्रेसखाली (पत्रा दाबून कापायचं मशीन) गेली आणि ठेकेदार म्हणतोय की दवाखान्याचा खर्च आम्ही करतो, वर वीस हजार देतो, फक्त डॉक्टरला "घरी दारात बोट सापडलं" एवढं सांग. प्रेस शॉपमध्ये आयुष्य गेलं माझं, हेच बोलणं किती पोरांच्या कानात घातलेलं मी पाहिलंय, म्हणून लगेच लिहितोय. त्याला म्हणावं, काही झालं तरी खोटं सांगू नको. केसपेपरवर हिस्ट्री लिहितात तिथे "कंपनीत प्रेस मशीनवर इजा", तारीख आणि वेळ आलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं राहतं, आणि एकदा "घरी लागलं" लिहिलं गेलं की ते पुसायला फार धावपळ करावी लागते.

आता हिशोब बघ. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू असेल (महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असला की साधारण लागूच असतं) तर बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के पैसे मिळतात. नंतर मेडिकल बोर्ड बसतं, कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. त्याचा तक्ता कायद्यातच आहे, तर्जनीची दोन पेरं म्हणजे 11 टक्के, अख्खं बोट 14, अंगठा 30. समज पगार 15,000 आहे, त्याचे 90 टक्के 13,500, त्याचे 11 टक्के म्हणजे महिन्याला साधारण 1,485 रुपये, आणि हे जन्मभर, नोकरी चालू असली तरी. पोरगा वीस-बावीसचा आहे. चाळीस वर्षांचे धर, सात लाखांच्या वर जातात. ठेकेदाराचे वीस हजार कुठे आणि हे कुठे!

पार्टनर म्हणतोय कामाला लागून आठच दिवस झालेत, ईएसआयला नाव चढलंच नव्हतं. तरी घाबरू नका. कामाच्या जागी इजा झाली तर पहिल्या दिवसापासून हक्क असतो, मालकाने नाव चढवलं नसेल तर ईएसआयवाले पैसे त्याच्याकडून वसूल करतात. फक्त तो तिथे कामाला होता ह्याचा पुरावा लागतो, म्हणून गेटपास, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, बँकेत आलेला पगार, जे असेल ते आजच तुझ्या मोबाईलमध्येही ठेव. आणि पगार कागदावर किती दाखवलाय तेही बघ, हातात 15 आणि कागदावर 9 असेल तर पेन्शन 9 वरच बसते, ही चोरी कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. अपघाताचा रिपोर्ट, तो फॉर्म 12, मालकाने भरायचा असतो, भरला का ते विचार, नाही भरला तर ईएसआयच्या ब्रांच ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. तो ॲप्रेंटिस कायद्याखाली ॲप्रेंटिस म्हणून लागला असेल तर मात्र ईएसआय नाही, भरपाई थेट मालकानेच द्यायची.

आता तुझं. तूही त्याच लाईनला आहेस. प्रेस "डबल पडते" म्हणतात ना, एकदा पाय दिला आणि स्लाईड (वरून खाली आदळणारा भाग) दोनदा खाली आली, ते नशीब नाही रे, क्लच घासलेला असतो, मेंटेनन्सला माहीत असतं आणि प्रॉडक्शन थांबवायचं नसतं. दोन्ही हातांची बटणं असलेल्या प्रेसचं एक बटण दाबून बांधून ठेवलेलं किंवा सेन्सर बायपास केलेला दिसला तर त्या मशीनवर बसू नको. डायमध्ये (साच्यात) पीस अडकला तर हात घालू नको, चिमटा माग, आणि डाय सेटिंग करताना मेन स्विच बंद पाहिजे. सुपरवायझर चिडेल, चिडू दे.

आणि देव न करो, पण कुणाचं बोट तुटून पडलंच तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि ती पिशवी बर्फावर ठेव, बोट थेट बर्फात टाकायचं नाही, पेशी मरतात मग जोडता येत नाही.

पार्टनरचा केसपेपर आणि आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) असेल तर दोन्हीचे फोटो मला आज पाठव. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात करू देऊ नको.