स्टार बंद, पसारा चालू

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. पेनं उघडते, खोक्यांची घरं करते, अर्धवट टाकते. उत्तेजन म्हणून आम्ही प्रत्येक चित्राला एक स्टार आणि दहा स्टारना आइस्क्रीम असं ठरवलं. आता ती पाच मिनिटांत तेच डोंगर-सूर्य-झोपडी काढते आणि "झालं, स्टार दे" म्हणते. क्रिएटिव्हिटीचा क्लास लावावा का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : क्लासचं नंतर बघू, आधी स्टार थांबवा. मुलीचा हिशोब मात्र चोख आहे. तुम्ही चित्रं मोजता, म्हणून ती सर्वांत कमी कष्टाचं चित्र काढते.

स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या मुलांपैकी काहींना 'काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांच्या निम्माच वेळ स्केचपेनांपाशी रमली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांची आवड मात्र टिकली. नुकसान बक्षिसापेक्षा ते आधी कबूल केल्याने होतं.

स्टार एकदम बंद केले तर तिला शिक्षा वाटेल. म्हणून साठलेल्यांचा हिशोब चुकता करा, सात असले तरी आइस्क्रीम द्या. पुढे आइस्क्रीम रविवारी सगळ्यांना, चित्राशी संबंध नाही. 'छान' हाही एक स्टारच, तेव्हा तोही जपून वापरा. "हा रस्ता डोंगरामागे कुठे जातो?" असं विचारलंत तर ती पुन्हा कागदाकडे वळेल.

सामान एका टोपलीत मावेल एवढंच ठेवा: पाठकोरे कागद, सुतळी, खोकी, कात्री, डिंक, सायकलच्या वाल्वची नळी, काड्यापेटीच्या काड्या. जास्त दिलंत तर नुसती चिवडाचिवड होते. विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी केली, त्यांतला काड्यांचा खेळ घरी सहज जमतो. काड्यांचं गूल आधी मोठ्यांनी खरवडून टाकायचं. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि दोन्ही टोकांनी एकेक काडी खोचायची, पण मध्ये थोडी फट राहू द्यायची. काड्या आत एकमेकींना भिडल्या की सांधा वाकत नाही, आणि मुलं इथेच कंटाळतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघू दे, मग चौकोन. त्रिकोण तसाच राहतो, चौकोन कलंडतो. चौकोन ताठ कसा करायचा हे सांगू नका. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी तिरकी काडी आज नाही सुचली तर परवा सुचेल.

उघडलेल्या पेनाची स्प्रिंग तिला सापडली असेल तर ते काम अर्धवट नाही, संपलेलं आहे. जिथे अडून सोडलंय, ती वस्तू फळीवर आठ दिवस तशीच राहू द्या. रोज संध्याकाळी झाडून सगळं आवरणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशी पुढे न्यायला काही उरतच नाही. आणि शाळेनंतरचा एक तास सलग मोकळा हवा, वीस-वीस मिनिटांचे तुकडे नकोत.

राहिला क्लास. फी विचारण्याआधी तिथली भिंत बघा. तीस मुलांचे तीस सारखे गणपती टांगलेले असतील तर तिथे हात वळवायला शिकवतात. तेही कामाचं आहे, पण तुमचा प्रश्न तो नाही.

प्रश्न : 'पुरुषोत्तम' या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही दहाजण विषय शोधायला रोज कट्ट्यावर बसतो. बोलतात दोघंच, आणि फिरून मोबाइल किंवा वृद्धाश्रमावर येतो. काय चुकतंय?
– नाटक करणारा विद्यार्थी, पुणे

उत्तर : एकत्र बसणंच चुकतंय. निदान सुरुवातीला. १९५८ सालीच प्रयोगातून दिसलं होतं की चौघांनी वेगवेगळं बसून सुचलेलं एकत्र केलं, तर ते चौघांनी मिळून चर्चेत काढलेल्यापेक्षा जास्त भरतं. एक बोलत असताना बाकीचे स्वतःची कल्पना धरून थांबतात, आणि तेवढ्यात ती निसटते.

म्हणून बारा मिनिटं गप्प बसून लिहा, एका चिठ्ठीवर एक कल्पना, नाव न घालता, प्रत्येकी पंधरा. पहिल्या पाचांत मोबाइल आणि वृद्धाश्रम येणारच, कारण ते सगळ्यांच्याच डोक्यात वर तरंगत असतात. ते निघून गेल्याशिवाय खालचं हाताला लागत नाही, म्हणून आकडा पुरा करा. मग चिठ्ठ्या उजवीकडे सरकवा आणि दुसऱ्याच्या कल्पनेला एक ओळ जोडा. विषय 'काहीही' ठेवू नका. 'एक जिना, तीन माणसं, लाइट गेलेली' एवढी अट घातली की डोकं चालू लागतं.

निवड त्याच दिवशी नको. मधे वेताळ टेकडी चढून या. चालताना कल्पना जास्त सुचतात असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तेव्हा चालण्याचा उपयोग दिसला नाही. म्हणून सुचायला टेकडी, निवडायला टेबल.

प्रश्न : कलावंत विक्षिप्त, बेशिस्त असतात म्हणे. मी छत्तीस वर्षं बँकेत वेळेवर गेलो. आता कविता जमेल का?
– निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : विक्षिप्तपणा लक्षात राहतो, म्हणून त्याचा बोलबाला. अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसणारा गुण म्हणजे नव्या अनुभवाची ओढ, आणि ती वेळेवर ऑफिसला जाणाऱ्यातही असते. तुमची शिस्त इथे भांडवल आहे. रोज ठरल्या वेळी वीस मिनिटं बसा आणि आज गल्लीत दिसलेल्या एकाच गोष्टीवर पाच ओळी लिहा, विशेषण न वापरता. चौदा दिवस मागचं पान उलटायचं नाही, कारण लिहितानाच तपासायला लागलात तर आतला हिशोबतपासनीस दुसरी ओळ उमटूच देणार नाही. पंधराव्या दिवशी त्याला बोलवा, हातात पेन्सिल द्या. सत्तर ओळींतल्या पाच-सहा उरल्या, तर त्याच वहीत पुढचं पान उघडा.