ठाण्यात १३२१ साली मारला गेलेला थॉमस म्हणजे येशूचा शिष्य थॉमसच का?

नाही. नावामुळे बऱ्याच जणांचा हा गोंधळ होतो. येशूचा शिष्य पहिल्या शतकातला. ठाण्यात मारला गेला तो इटलीतल्या तोलेन्तिनो गावचा थॉमस, फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातला संन्यासी. पोर्तुगिजांशीही त्याचा काही संबंध नाही. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा अजून १७७ वर्षं होती.

मला या माणसाचा मृत्यूइतकाच आधीचा आयुष्यक्रमही रोचक वाटतो. संन्याशाने खरोखर निष्कांचन राहावं, मठानेही मालमत्ता बाळगू नये, असं मानणाऱ्या कडव्या गटात तो होता. त्यापायी त्याला तुरुंग घडला, आणि तुरुंगात टाकणारे त्याच्याच संघातले वरिष्ठ होते! पुढे नवा प्रमुख आला, त्याने या मंडळींना सोडवलं आणि थेट आर्मेनियाच्या राजाकडे पाठवून दिलं. (सन्मानही झाला आणि कटकटही टळली, असा माझा कयास.) तिथून तो राजाचा दूत म्हणून मदत मागायला युरोपात आला. नंतर, १३०७ च्या सुमारास, चीनमधल्या जॉन ऑफ माँतेकोर्विनो या मिशनऱ्याची खबर त्यानेच पोपपर्यंत पोचवली. त्यावरूनच पोपने जॉनला खानबालिकचा, म्हणजे आजच्या बीजिंगचा, आर्चबिशप नेमलं.

साठीच्या आसपास थॉमस स्वतः चीनला निघाला. ठाण्याला यायचं त्याच्या मनातही नव्हतं. इराणच्या आखातातल्या होर्मुझहून निघालेल्या गलबताने दक्षिणेकडे केरळातल्या कोल्लमला जायचं होतं, ते येऊन लागलं ठाण्याला. सोबत पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि भाषा जाणणारा, तिफ्लिसचा (आजच्या जॉर्जियातल्या त्बिलिसीचा) दिमित्री. जॉर्डन नावाचा, डॉमिनिकन या दुसऱ्या संघातला एक संन्यासीही होता. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या अशा पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिस्त्यांची पंधराएक घरं होती, त्यांतल्याच एका घरी हे उतरले.

आणि मग भांडण झालं ते नवरा-बायकोचं. यजमानाने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरातले पाहुणे. जॉर्डन तेव्हा बाहेरगावी होता. पीटरला सामानापाशी ठेवून बाकीचे तिघे हजर झाले. तिथे मारहाण राहिली बाजूला आणि विषय धर्मावर गेला. पैगंबरांविषयी काय म्हणणं आहे, असं काझीने खोदून विचारलं, तेव्हा थॉमसने जीभ आवरली नाही. आधी त्यांना उन्हात बांधून ठेवलं, मग अग्निपरीक्षा. म्हातारा थॉमस आगीत शिरायला तयार होता, पण याच्याजवळ काही मंतरलेलं असेल, असं म्हणून जेम्सला ढकललं. तो साफ वाचला, असं कथा सांगते. इथे हुतात्म्यांच्या चरित्रांचा नेहमीचा साचा दिसतो, तो तेवढ्यापुरताच घ्यावा. मलिकाने, म्हणजे ठाण्याच्या कारभारी अधिकाऱ्याने, त्यांना खाडीपलीकडच्या वस्तीत धाडलं, पण काझीने त्याचं मन वळवलं आणि रात्री माणसं पाठवून तिघांची डोकी उडवली. मागे राहिलेला पीटरही नंतर सापडला आणि मारला गेला. थॉमसचा स्मरणदिन ९ एप्रिल.

कुणी ही कथा आजच्या भांडणात वापरू लागलं, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, तपशील सगळा मिशनऱ्यांच्याच बाजूने आला आहे, काझीची बाजू आपल्यापर्यंत पोचलेली नाही. दुसरं, ओदोरिक हा इटालियन प्रवासी लिहितो की खबर कळल्यावर दिल्लीच्या बादशहाने त्या मलिकालाच देहदंड दिला. यादवांचं राज्य नुकतंच संपलेलं, किनाऱ्यावर दिल्लीचा अंमल नवा. अशा वेळी तिथल्या अधिकाऱ्याने परदेशी प्रवासी मारावेत, हे वरच्यांना परवडलं नसावं, असं मला वाटतं.

हा ओदोरिकही फ्रान्सिस्कनच. थोड्याच काळाने तो ठाण्यात आला. इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. घुशी पाहिल्या असणार बिचाऱ्याने! जॉर्डनने चौघांना सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, पुरलं होतं. ओदोरिकने ती हाडं उकरून समुद्रमार्गे चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या च्युआनचौला, तिथल्या फ्रान्सिस्कन मठात नेली. थॉमसची कवटी मात्र तोलेन्तिनोला आहे.

रोमने त्याच्या पूजनाला अधिकृत मान्यता दिली ती १८९४ साली, पोप लिओ तेरावे असताना. त्यामुळे तो ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) आहे, ‘संत’ नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया वेगळे. ते १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले.