मधल्या सुट्टीनंतरचा ताप

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अंगात कणकण आहे, पण मूल खेळते आहे, अशा सकाळी त्याला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे, असे तू विचारले आहेस. पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षे सांभाळल्यामुळे आयांना न दिसणारी बाजू मी पाहिली आहे. सकाळी सातला पॅरासिटामॉल पाजून पाठवलेले मूल प्रार्थनेला नीट उभे राहते, पहिल्या तासाला हातही वर करते. मात्र औषधाचा अंमल चार ते सहा तासांचाच असल्यामुळे मधल्या सुट्टीनंतर ते बाकावर डोके टेकते, डबा तसाच राहतो आणि तोवर शेजारच्याने त्याच्याच बाटलीतले पाणी प्यालेले असते.

म्हणून कपाळाला हात लावून ठरवू नकोस, थर्मामीटर लाव. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला तर घरी ठेव, आणि औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच पाठव. उलट्या-जुलाब थांबल्यावरही एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावेच लागते. नुसते नाक वाहत असेल तर खिशात दोन रुमाल देऊन खुशाल पाठव, नाहीतर पावसाळ्यात वर्गच भरायचा नाही. उवांसाठीही शाळा बुडवण्याचे कारण नाही. दर सोमवारीच पोट दुखत असेल तर मात्र आधी वर्गशिक्षिकेशी बोल.

हजेरीची काळजी करू नकोस. शंभर टक्के हजेरीची प्रमाणपत्रे मीही हौसेने वाटली आहेत. एका वर्षी ते हुकू नये म्हणून गालगुंड झालेला एक मुलगा मफलर गुंडाळून आला. थंडीचे दिवस असल्याने मलाही संशय आला नाही. सूज आल्यापासून पाच दिवस तो घरी हवा होता. पुढच्या तीन आठवड्यांत वर्गातले सहा जण गाल सुजून घरी बसले. त्यानंतर मी ते प्रमाणपत्र देणे बंद केले.

तुम्हा दोघांनाही रजा मिळत नाही, हे मी जाणते. तेव्हा अशा दिवशी घरी कोण थांबेल आणि शाळेतून फोन आला तर कोण धावेल, हे मूल बरे असतानाच ठरवून ठेवा. धाप लागली, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडून राहिले, तर शाळेचा विचार सोडून थेट डॉक्टरांकडे ने.

तुझी,
बाई