औषधचाचणीवर लक्ष कोण ठेवते?

प्रश्न : माझ्या काकांना एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली आहे. संमतीपत्रात ‘सुरक्षिततेवर स्वतंत्र समिती देखरेख ठेवील’ असे म्हटले आहे. रुग्णाला कधीही न पाहणाऱ्या समितीचा उपयोग काय, आणि रोजच्या रोज लक्ष कोण ठेवते?

उत्तर : समितीचे सदस्य रुग्णाला पाहत नाहीत हे खरे, त्यांच्यासमोर येतात ते सर्व केंद्रांचे एकत्रित आकडे. मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जे दिसू शकत नाही, ते त्या आकड्यांतच दिसते. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो (औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले) मिळत आहे हे डॉक्टरांपासूनही बहुधा झाकलेले असते, त्यामुळे एखादा रुग्ण दगावला तर तो मूळ आजारानेच गेला असे वाटणे साहजिक असते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या अनियमित ठोक्यांवरील औषधांची एक मोठी चाचणी अमेरिकेच्या पुढाकाराने चालू होती. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड यांनी ठोके तर सुधारत होते. पण ही औषधे घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक होत असल्याचे उघड झाले आणि १९८९ मध्ये चाचणीतील त्यांचा वापर मुदतीआधीच थांबवण्यात आला.

रोजची देखरेख मात्र समितीच्या आवाक्यातली नव्हे. ती केंद्रावरचे मुख्य संशोधक, समन्वयक आणि परिचारिका यांच्या हाती असते, आणि माझ्या मते चाचणीची खरी सुरक्षितता इथेच ठरते. थंड ठेवायच्या औषधाच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेले, तर तो साठा बाजूला काढायचा आणि प्रायोजकाचा, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचा किंवा संस्थेचा, लेखी निर्णय येईपर्यंत त्यातली एकही कुपी वापरायची नाही. रुग्णाने परत आणलेल्या गोळ्या मोजायच्या आणि हिशेब जुळला नाही तर त्याच्याशी सविस्तर बोलायचे. कोणी रुग्णालयात दाखल झाल्याचे कळताच, औषधाशी संबंध आहे की नाही याचा खल करत न बसता प्रायोजकाला ताबडतोब कळवायचे. औषधामुळे उद्भवल्याचा संशय असलेली अनपेक्षित घटना जीवघेणी असेल तर प्रायोजकाने ती ७ दिवसांत, आणि गंभीर पण जीवघेणी नसेल तर १५ दिवसांत नियामकांना कळवावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

बातमी वेळेवर न फिरल्यास काय होते, हे फ्रान्समधील रेन शहरात जानेवारी २०१६ मध्ये दिसले. निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणीत एकाला १० तारखेच्या संध्याकाळी रुग्णालयात हलवावे लागले, तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटातल्या उरलेल्या पाच जणांना पुढची मात्रा देण्यात आली. पहिला स्वयंसेवक आठवडाभरात दगावला; इतरांपैकी चौघांना मज्जासंस्थेचा त्रास झाला. मात्रा देण्याआधी, काल नेलेल्या माणसाची प्रकृती आता कशी आहे याची पुरेशी चौकशी झाली नव्हती, असे सरकारी तपासात आढळले. इतकी साधी गोष्ट!

प्रश्न : प्रायोजकाचे मॉनिटर येऊन फायली तपासतात, एवढ्यावर विसंबता येईल का?

उत्तर : निव्वळ फायलींवर नाही. पूर्वी प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडून पाहण्यातच मॉनिटरचा बराच वेळ जाई. जन्मतारखेतली चूक सापडे, पण यकृताच्या बिघाडाचा अहवाल कोणी न वाचता पडून राहिल्याचे ध्यानात येईलच असे नसे. २०१६ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ‘जिथे जोखीम अधिक, तिथे लक्ष अधिक’ या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि ते योग्यच झाले.

काकांनी संमतीपत्रावरचा चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक सही करण्यापूर्वी, शक्यतो रात्री, एकदा लावून पाहावा. गरज पडल्यास कोणत्या डॉक्टरांना बोलवायचे आणि रुग्णाला मिळालेले औषध कोणते हे तातडीने कोण उघड करू शकते, हे फोन उचलणाऱ्याला सांगता आले नाही, तर सहीची घाई करू नये.