40 लिटरची सॅक पुरते, आधी तिच्यातली हवा काढा

डिसेंबरात इंदूरहून चौघं मिळून रतनगड आणि कळसूबाई, दोन्ही रात्री तंबूत, आणि 40 लिटरच्या सॅकमध्ये स्लीपिंग बॅग घातली की निम्मी जागा संपते, तर 60 लिटरची घेऊ का, असं विचारलंय. घेऊ नका. मोठी सॅक असली की ती भरली जातेच, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर तेच ओझं मागे ओढतं.

टूथपेस्ट लहान घेतली, टॉवेल अर्धा केला, याने फारसं काही साधत नाही. जागा खातात त्या स्लीपिंग बॅग, तंबू आणि मॅट.

स्लीपिंग बॅग गुंडाळून तिच्या गोल पिशवीत भरू नका. ते गाठोडं सॅकमध्ये ठेवलं की भोवतीचे कोपरे रिकामेच राहतात. सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा. बॅगेची पायाकडची बाजू आधी घ्या आणि मूठ-मूठ करत तळाशी कोंबा. उघड्या तोंडातून हवा निघत जाते, कापड कोपऱ्यात शिरतं. वरून गुडघा देऊन दाबा नि प्लास्टिकचं तोंड पिळून बंद करा. घरी परतल्यावर मात्र ती मोकळी टांगा, सतत दाबून ठेवली की तिची ऊब कमी होते.

तंबू एकाने वाहायचा नाही. काठ्या एकाकडे, कापड दुसऱ्याकडे. सकाळी बाहेरचं कापड दवाने ओलं असतं, त्याला वेगळी पिशवी हवीच. फोमची मॅट सरळ बाहेर बांधा, ती पाणी पीत नाही.

आता खाणं. आपल्या इंदुरात प्रवास म्हटला की सेव-परमल आलंच, पण परमलच्या (कुरमुऱ्यांच्या) पिशवीत खाण्यापेक्षा हवाच जास्त! त्याऐवजी दाण्याचे लाडू, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या. स्टोव्ह आणि भांडी तर घरीच ठेवा. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, आणि पायथ्याच्या गावांत, रतनगडाच्या रतनवाडीत नि कळसूबाईच्या बारीत, आधी कळवलं तर घरी जेवण मिळतं. केवढी तरी जागा तिथेच सुटते.

कपडे: अंगावर एक जोड, झोपायला एक कोरडा. जीन्स अजिबात नको. जाड जॅकेट प्रवासात अंगात घाला, रात्री घडी करून उशाला घ्या.

टॉर्च, कानटोपी, औषधं आणि पाणी यांच्यात काटकसर करू नका, जागा कितीही कमी पडो.

निघण्याआधीच्या रविवारी हीच भरलेली सॅक घेऊन इंदूरजवळचा जानापाव डोंगर चढून या. चंबळच्या उगमापाशी पोहोचलात की डोळे मिटून सॅकमधून टॉर्च आणि टोपी काढून बघा. हाताला लगेच लागली नाहीत, तर त्यांची जागा वरच्या कप्प्यात.