बोट हिवाळाभर बंद ठेवायची आहे, डिझेल इंजिनातलं पाणी नुसतं काढून टाकलं तर चालेल का?

नाही. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. हीट एक्स्चेंजरच्या (इंजिन थंड ठेवणारा भाग) कोपऱ्यात उरलेलं थोडंसं पाणीही तडा पाडायला पुरतं. सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह) बंद करा, तिथून पंपाकडे जाणारा होज, म्हणजे नळी, काढून प्रॉपिलीन ग्लायकॉल अँटीफ्रीझच्या (पाणी गोठू न देणारं द्रव) बादलीत सोडा आणि गरम इंजिन चालू करा. एक्झॉस्टमधून अँटीफ्रीझचा रंग नीट दिसू लागला की बंद. बादली मध्येच रिकामी होऊ देऊ नका, कोरडा इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बघता बघता जळतो.

ऑइल मात्र त्याआधीच बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल महिनोन्महिने बेअरिंग खात बसतं, आणि नेमकं हेच काम बहुतेक जण पुढच्या मोसमावर ढकलतात. डिझेलची टाकी भरलेली असू द्या, आत दव धरत नाही. शेवटी इम्पेलर मी काढूनच ठेवतो. दाबून राहिलेली पाती वाकडीच राहतात.